मुद्दाम चुकलेलं उत्तर

बाबा,

तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता नऊ वर्षांची आहे. कुणीही जन्मतारीख सांगावी आणि हिनं फरशीवर पालथं पडून चित्र काढता काढता वार सांगावा! कसं जमतं विचारलं तर म्हणते, "दिसते न मले." घरी कुणी आलं की चहाच्या आधी मी तिला हाक मारते. काल शेजारच्या काकूंना तिनं चुकीचा वार सांगितला. "राहू दे वं, लेकरू हाय," म्हणून काकू गेल्या. मी मात्र तिच्याकडे बघत राहिले. सुटल्यासारखी हसत होती. ते हसू माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

तुमच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात मीही असंच केलं होतं. जळलेली कॉइल कापली की तारांची टोकं दिसायची. तुम्ही ती खिळ्यानं एकेक मोजायचे, मी नुसतं पाहून आकडा सांगायची. मग काय, गिऱ्हाईक आलं की "इले विचारा" सुरू! मला त्याचा भयंकर कंटाळा आला होता. नरखेडकडचे एक संत्रावाले पंपाची मोटर घेऊन आले, तेव्हा मी मुद्दाम दहानं कमी सांगितलं. तुम्ही न मोजता तेवढेच वेढे भरले. तिसऱ्या दिवशी मोटर पुन्हा जळून आली, भर उन्हाळ्यात, झाडं पाण्याविना. मी दुकानाच्या पाटीमागे लपून ऐकत होते. "चुकी माही हाय गा, मोजून घ्याले पाहिजे होतं," म्हणालात आणि न जेवता कामाला बसलात. मला एक शब्द बोलला नाहीत. पुन्हा कधी विचारलंही नाहीत. मी मुद्दाम केलं हे तुम्हाला कळलं होतं, की माझी नजरच गेली असं वाटलं? इतक्या वर्षांनी मला अजून हेच कुतूहल आहे.

आज सकाळी वेणी घालताना मी लेकीला विचारलं, "काल मुद्दाम चुकवलं न?"

"मग तू सगळ्यांसमोर काहून विचारते? आपण दोघीच असलो तर कधीच विचारत नाही."



हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या जळलेल्या मोटरनंतर दहावीपर्यंत मी रोज शाळेतून दुकानावरूनच घरी यायची. तुम्ही कॉइल कापून बसलेले असायचे, दुकानात दुसरं कुणी नसायचं, आणि एकदा तरी विचाराल म्हणून मी दारात उगाच चपलेचा पट्टा लावत राहायची.