मंगळवारचा क्लब

१२ मार्च २०११
माझ्या हातचं: चषकांची सतरा कपाटं, देवदाराची. त्यांच्या चाव्या, कानशीनं घासून. गेटवरचं सिमेंटचं ‘१९११’ — तीनदा फोडून चौथ्यांदा ओतलेलं. चार हजार एकशे बारा सामन्यांची यादी, एकही खाडाखोड नाही. शाळा चौथीपर्यंत. इतिहास कुणी शिकवला नाही, वाचून शिकलो! सहा आठवड्यांनी आमचा रिबेइरिन्या फुटबॉल क्लब शंभर वर्षांचा.

१५ मार्च
एका संस्थापकाच्या नातीनं पेटीतली सभेची वही आणून दिली. पहिलं पान, क्लबची स्थापना: संत जॉर्जचा सण, २३ एप्रिल, मंगळवार. वर्षाच्या जागी वाळवीचं भोक.
मंगळवार?

१६ मार्च
तीनदा मोजलं. २३ एप्रिल १९११ला रविवार होता. मंगळवार येतो १९१२ला. म्हणजे नव्याण्णव! आणि पलीकडच्या काठावरचा अरोएइरा क्लब सप्टेंबर १९११चा. थोरले ते.
ऐंशी वर्षं आम्ही सामन्यात आजोबांसारखा त्यांच्यापुढे चुंबायला हात धरतो — "नातवांनो, या, आशीर्वाद मागा!" मीही ओरडलोय, घसा बसेपर्यंत.
लिंदाउरा म्हणाली, "इतकी वर्षं बायकोचा वाढदिवस लक्षात नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीचा वार बरा सापडला!"
हसू आलं नाही.

१९ मार्च
अध्यक्ष क्विंतेलांना वही दाखवली. घाम पुसत म्हणाले, "बिशप येणार, फटाके आले, जर्सीवर शंभर छापलंय! वर्ष वाळवीनं खाल्लं ना, उस्ताद? मग वार तुम्ही खा!"
म्हटलं, ते पान चौकटीत घालून मधल्या कपाटात लावणार.
"मग चाव्या ठेवा इथं."
नाही ठेवल्या.

२७ मार्च
क्विंतेलांकडून गोष्ट फुटली. बाजारात मासेवाल्यानं विचारलं, "काय हो, आपल्याच क्लबचं वय चोरता?" वाढवून सांगणारे ते, आणि चोर मी!

२ एप्रिल
झोप नाही. पुन्हा मोजलं. मंगळवारच.

६ एप्रिल
अरोएइराच्या अध्यक्षा दोना इरासेमा होडीनं नदी ओलांडून घरी आल्या. वाटलं, वही मागतील, गावभर मिरवतील. कॉफीला हात लावला नाही.
"उस्ताद, ती वही बाहेर काढू नका. तुम्ही चिडवलंत, आम्ही तेच नाव लावलं. जर्सीवर ‘नातू’, गाण्यात ‘नातू’. आमची माणसं त्याच नावावर छाती काढून चालतात. आता एकाएकी आजोबा होऊन आम्ही करायचं काय?"
वही कायमची कुलपात ठेवायचे चाळीस हजार रियाल देत होत्या. नाही म्हणालो. पान मधल्या कपाटात लागणारच.