बावीस बोअरची थ्री-नॉट-थ्री

अकोला, रविवार दुपार

तीर्थस्वरूप खुशालराव भाऊजी, तुमच्या पायावर देवानंदचं डोकं. चंदाताईचे गुडघे कसे आहेत? चांदूर रेल्वेले नळ येतात का? इकडं आमी सारे जिते आहो, एवढंच.

बाबा न सांगता तुमच्याकडं निघून आले, त्याचं कारण त्यायनं सांगतलं नसन. (चहा गोड झाला तरी ते कारण सांगत नाईत, अबोला धरतात.) कारण मी आहो. फौजेतून हवालदार होऊन आलेल्या माणसाले पंच्याऐंशीव्या वाढदिवसाले काय द्यावं, या इचारात मले अवदसा आठवली. ज्या थ्री-नॉट-थ्री रायफलीवर ते निशाणा शिकले, तिची हुबेहूब नक्कल आता निघते. तोच लाकडी दस्ता, तोच पट्टा, फक्त गोळी बावीस बोअरची, शेंगदाण्याएवढी. मी नेमबाजीच्या क्लबात नाव टाकलं, लायसन काढलं (मी सज्जन आहो असं शेजाऱ्यायनं लिहून दिलं, एकानं तं हसत हसत) अन् बंदूक घरी आणली.

बाबा काठी न घेता उभे राह्यले. बंदूक कपाळाले लावली. माझी अर्धांगी मनकर्णा पदरानं डोळे पुसून राह्यली होती. मंग त्यायनं नळीच्या तोंडावर करंगळी ठेवून पाह्यली. भोक लय बारीक.

"देवा, हे बंदूक आहे का बासरी?"

मी समजावलं, की खरी थ्री-नॉट-थ्री सरकार आपल्यासारख्याले देत नाई. ते म्हणे, "म्हाताऱ्यासाठी खेळणं आणलं म्हण ना."

तरी हट्टानं मी त्यायले अमरावतीले क्लबाच्या रेंजवर नेलं. पाच गोळ्या मारल्या, भाऊजी, पाचही एका रुपयाखाली झाकतीन अशा! पोट्टे टाळ्या वाजवून राह्यले अन् बाबा शिकवणाऱ्या कोचवर चिडून राह्यले, "एकही सुटली नाई! माल खराब आहे." (आधीच कमी आयकू येते, वरून कानावर ते आवाज अडवाचे मोठे टोप, त्यात या बंदुकीचा आवाज म्हणजे पापड मोडल्यावाणी.) टाळ्या त्यायले थट्टा वाटल्या. मी निशाण्याचा कागद दाखवला, तं म्हणे हा कोण्या पोट्ट्याचा आहे.

वापस येताना गाडी बडनेऱ्याले आली. बाबा खिडकीबाहेर पाहून म्हणे, "मी थ्री-नॉट-थ्रीवाणी खांद्याले धक्का लागाची वाट पाहून राह्यलो होतो."

मले गाडी बाजूले घ्या लागली. दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडं आले. शाल आणली असती तं बरं होतं, असं मनकर्णा म्हणते.

तुमचा अभागी,
देवानंद

ता. क. बाबाले परत पाठवा असं माझं म्हणणं नाई. राह्यतीन तितके दिवस राहू द्या.

ता. क. २ खरं काम हे, की निवडणुकीमुळं बंदूक ठाण्यात जमा कराची आहे, अन् कपाट उघडलं तं तिचा बोल्टच (गोळी आत सारते तो लोखंडी दांडा) गायब! त्याच्याशिवाय बंदूक म्हणजे लाकूड. बंदूक मागं सोडाची वेळ आली तं बोल्ट काढून संगं न्याचा, असं फौजेत शिकवतात म्हणे. बाबाची थैली जरा चुपचाप पाहा.

ता. क. ३ थैली पाहू नका. आताच चंदाताईचा फोन आला. तिच्या शिलाई मशीनचं तेल संपलं. बाबा रोज सकाळी अंगणात बसून काही तरी लोखंडी पुसून राह्यले म्हणे. त्यायले काही इचारू नका. मी उद्या पहिल्या गाडीनं येतो, तेलाची कुपी घेऊन.