डोंगरात फोन लागत नाही

चिमणे,

इतकी गाढ झोपली होतीस की उठवावंसं वाटलं नाही. मी मैत्रिणींबरोबर मोटारसायकल घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांवर निघालेय. उद्या संध्याकाळी परत येईन.

काल तुला बॅगेसकट दारात पाहिलं, तेव्हा बेत रद्दच करणार होते. पण तू म्हणालीस, "माझ्यामुळे थांबलीस तर मी आल्या पावली परत जाईन." हट्ट माझ्याकडूनच घेतलायस, म्हणून वाद घातला नाही.

माझी काळजी करू नकोस. सगळ्यांत पुढे डॉक्टरीणबाई असते आणि चिखलात आडवीही तीच होते. मी आपली मागून सावकाश जाते. तिकडे फोन लागत नाही.

जेवण फ्रिजमध्ये आहे. नुसत्या चहावर राहू नकोस.

जावईबापूंचा फोन आला होता. "पोहोचली, झोपलीय," एवढंच सांगितलं. पुन्हा आला तर उचललाच पाहिजे असं नाही.

शेजारच्या काकू "किती दिवस मुक्काम?" म्हणून विचारतील. त्यांना माझ्याकडे पाठव.

तुझ्या कपाटात मी माझी जॅकेटं आणि बूट कोंबले होते, ते सगळे बाहेर काढलेत. खण पुसून ठेवलेत. आता सगळं कपाट तुझं.

– आई