समुद्री कोळी आणि तुमचं 'नाही चालशे'

बाबा, आई शेजारच्या काकूंना सांगते, "ही समुद्रातल्या कोळ्यांवर अभ्यास करते." काकू म्हणतात, "मग पापलेट स्वस्तात मिळत असेल!" तुम्ही किती हसला असता. माझा कोळी आठ पायांचा, तिळाएवढासुद्धा नाही. कच्छच्या आखातात ओहोटीला उघड्या पडलेल्या दगडांवरच्या शेवाळात सापडला. यांच्यात अंडी बाप सांभाळतो, त्यासाठीच्या दोन बारीक जादा पायांत धरून हिंडतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा पाहिलं आणि कारेलीबागेतल्या आपल्या घरातला स्वयंपाकाचा ओटा आठवला. आई सकाळीच कामावर जायची, तुमची दुपारपाळी. तुमच्या एका हातात झारा, दुसऱ्यात माझी पाटी. शाळेआधीची माझी शाळा तीच.

आणि गोरव्यातला, तुमच्या कामाच्या जागेचा तो दिवस. तुम्ही मला कारखान्यात नेलंय, मी स्टुलावर बसलेय. एक लोखंडी रिंग तुम्ही मापता, पुन्हा मापता. शेठ म्हणतात, "चालशे, भाऊ, चालशे." तुम्ही म्हणता, "नाही चालशे." अर्धं मराठी, अर्धं गुजराती. सगळे हसतात, शेठही. पण रिंग परत जाते. येताना स्कूटरवर मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणालात, "वाटली ना. म्हणून तर दोनदा मापलं. पण मापून झालं की बोलायचं."

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. मापणं शिकले, बोलणं राहिलं. माझ्या कोळ्याच्या त्या जादा पायांवरचे काटे पुस्तकातल्या जातीशी जुळत नाहीत, हे कळूनही मी कितीतरी दिवस गप्प होते. आज माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "जूनुं नाम लखी दे ने, चालशे." जुनं नाव लिहिलं असतं तर प्रबंध वेळेवर संपला असता, आणि हा जीव खरंच वेगळा असला तर दुसऱ्याच्या नावाखाली हरवून गेला असता. माझ्या तोंडून निघालं, "नाही चालशे."

"आ कई भाषा छे?" मॅडम हसल्या. मग चष्मा कपाळावर चढवून सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. वर बघून एवढंच विचारलं, आणखी नमुने आणशील का? म्हणजे पुन्हा आखात, पुन्हा ओहोटी. मी केव्हाची तयार आहे.

हे पत्र टाकायला पेटी कुठली, माझ्यापाशीच राहील. म्हणून खरं सांगते. तुम्ही दोनदा मापून बोललात. मला सतरा वेळा बघावं लागलं, आणि तरी आवाज कापत होता.