मलप्पाच्या दुपारच्या खेपा

३ एप्रिल २०१६, रविवार
मलप्पा टँकरवाला चोरच निघाला! नात शिवगंगा लातूरला टँकरच्या ठेकेदाराकडं कॉम्प्युटरवर बसते. तिला म्हणले, आपल्या गावच्या खेपा बघ गं. रोज एकच निघाली — सकाळची, आमच्या विहिरीतली. दुपारी वरच्या वस्तीवर दुसरी टाकतो म्हणून फिरतो, ती कॉम्प्युटरात न्हाईच. वरच्या वस्तीवरची चांगुणा म्हणते, “येतो, मीच खेपेची चिठ्ठी लिहून देते.” ती त्याला राखी बांधते, दुसरं काय म्हणंल?
माझी घागर टँकरखाली चेपवली तवा साधं चुकलं म्हणला न्हाई मेला.

४ एप्रिल
पारावर सगळ्यांपुढं काढलं. म्हणतो, “मावशी, चाळीस खेपा टाकल्यात मी वर.”
“तुझं तोंड बोलतंय, तिकडं मशीन बोलतंय.”
लोक हसले. लई बरं वाटलं.
शिवगंगानं सांगितलं — चिठ्ठीवर अक्षरात लिहिलेला टाइम हापिसातली पोरं तसाच टाइप करतात, मग मशीन त्याचा आकडा करतं, रात्री बारापासून किती सेकंद झाले तो. आकड्यावरून खेपा मोजतं. हे सगळं शिकवलं कुणी? माझ्या नातीनं! मी तिसरी शिकलेली, ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. उदगीरचा नवा जिल्हा होणार म्हणतात, झाला तर पोरगी घराजवळ येईल. बाभळीखाली म्हैस बसून राहिली, उठत न्हाई. असो.

९ एप्रिल
ठेकेदारानं मलप्पाला काढला! नवा डायवर वर जात न्हाई. कागदावर ती खेपच न्हाई म्हणतो. बराबर हाय.

१२ एप्रिल
चांगुणा वरून उतरून आमच्या विहिरीवर आली, संगं पोटुशी सून. मी म्हणले, जा की भावाच्या दारात. सगळ्यांच्या मागं नंबर लावायला लावला. गाळच लागला त्यांना.
एवढंच बोलली, “काकी, रोज अडीचला यायचा. अडीचच लिहिलंय मी.”
तिचं हे अडीचचं बोलणं शिवगंगाला फोनवर हसत सांगितलं. ती हसली न्हाई. फोन ठेवला.

१३ एप्रिल
शिवगंगाचा फोन. मशीनला साडेसात कळतं, साडेतीन कळतं. साडे म्हणलं की पुढच्या आकड्यात अर्धा तास घाल, असं तिनं शिकवलेलं. पण साडेदोन कोण म्हणतं? अडीच शिकवायचं राहून गेलं. जो टाइम कळत न्हाई ती चिठ्ठी मशीन टाकून देतं, कुणाला सांगत बी न्हाई. चाळीसच्या चाळीस गेल्या.
पोरगी रडत होती. “आजी, गावात बोलू नको. माझी नोकरी जाईल.”


१५ एप्रिल
पारावर जाऊन सांगितलं, नातीचं नाव घेऊन. शिवगंगा फोन उचलत न्हाई.