उतारावर गाडी कोणाच्या हातात

बाबा, काल आम्ही ट्रक घेतला. तुमच्या डोळ्यांसमोर मालट्रक उभा राहिला असेल, तसा नाही. पुढे पाच माणसं बसतात, पाठीमागे उघडा हौदा, आणि त्याला जोडून चाकांवरचं बिऱ्हाड ओढायचं. त्याला इथे ट्रेलर म्हणतात. आमचा ट्रेलर वर्षभर इथे प्लेनो शहरात, भाड्याच्या स्टोरेजमध्ये धूळ खात उभा आहे, कारण तुमची नात पुन्हा त्या प्रवासाला येणार नाही म्हणून हटून बसली होती. तिचं काही चुकलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूसासरे आले होते म्हणून भाड्याचा पेट्रोल ट्रक घेऊन आम्ही कोलोराडोला गेलो. घाटमाथा ओलांडला आणि उतार लागताच तुमच्या जावयाने, ज्याला तुम्ही पाहिलंच नाही, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. "अगं, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?" शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी मान डोलावली, विद्या त्यांचीच. तुमच्याकडे गाडी शिकताना कुंभार्ली घाटात मी हेच केलं होतं, तेव्हा तुम्ही जीप कडेला घ्यायला लावलीत आणि आवाजही न चढवता म्हणालात, "गाडी मोकळी सोडणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही." म्हणालात आणि खरंच उतरून चालायला लागलात. मी रडत रडत, पहिल्या गिअरमध्ये, तुमच्या मागून. फार राग आला होता मला तुमचा. आणि कोलोराडोच्या त्या उतारावर मी मागच्या सीटवर बसलेय, ट्रेलरचं धूड आम्हाला खाली ढकलतंय, ब्रेकचा जळका वास येतोय, आरशात ट्रेलर डावीउजवीकडे डुलतोय. सासऱ्यांसमोर मी कधी मोठ्याने बोललेली नाही. "गिअरमध्ये टाक," मी ओरडले. त्याने टाकला. कडेला थांबलो तेव्हा चाकांतून धूर निघत होता. "आय ॲम नेव्हर डुइंग दिस अगेन," लेक म्हणाली. सासऱ्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

यंदा ते पुन्हा आलेत, म्हणून ही खरेदी. शोरूममध्ये सेल्समन फक्त तुमच्या जावयाशी बोलत होता आणि हा एकच विचारत होता, किती वजन ओढतो. मी मध्येच विचारलं, उतरतो कसा? तेव्हा कुठे माणूस माझ्याकडे वळला. डिझेल ट्रकला एक बटण असतं, ते दाबलं की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. लहान डिझेल ट्रक ह्याला पसंत होता. पण दाराच्या चौकटीवरचं स्टिकर मी वाचलं: ट्रकने स्वतःच्या अंगावर घ्यायचं वजन त्यात बेताचंच. ट्रेलर जोडला की त्याच्या पुढच्या टोकाचा ट्रकवर पडणारा भार, पाच माणसं, शिवाय आमचा तांदूळ, कुकर, मिक्सर. हे त्यात मावणार नव्हतं. मी शेजारच्या मोठ्या डिझेलकडे बोट दाखवलं.

"यार, एवढा मोठा ट्रक पार्क कुठे करणार?" हा म्हणाला.

"पार्किंगचं नंतर बघू. आधी खाली जिवंत उतरू."

मी चालवून बघायला सेल्समनकडून किल्ली मागून घेतली. प्लेनो म्हणजे तळहातासारखं सपाट, उतार शोधायचा कुठे? हायवेचा एक उड्डाणपूल सापडला. मी बटण दाबून त्यावरून पुन्हा पुन्हा उतरले, सेल्समन कंटाळेपर्यंत. मोठाच घेतला.

घरी आलो तर लेक दारातच उभी. "हू इज ड्रायव्हिंग?" सासरे समोर होते, आणि हा जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "घाटात तुझी आई." त्याला ते किती जड गेलं ते मला दिसलं, आणि त्या क्षणी तो मला फार आवडला. लेकीने माझ्याकडे पाहिलं, ओके म्हणाली आणि प्रवासाची उशी आणायला आत गेली.

उद्या पुन्हा कोलोराडोला निघतोय. घरात सगळ्यांना वाटतं मी खमकी आहे. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते: बाबा, मला फार भीती वाटते. तुम्ही असता तर किल्ली तुमच्या हातात ठेवून मी लेकीशेजारी मागे जाऊन बसले असते.