हातचं राखलेलं वजन

बदलापूर,
१७ नोव्हेंबर १९९४

चि. बबन यास,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं. इकडे आम्ही ठीक आहोत. थंडीनं आईचा गुडघा पुन्हा धरलाय, पण चामटोलीची भाजीवाली आली की ती खाली उतरतेच, ऐकत नाही. आनंदनगरला आमच्या ऑफिसात दुपारची वीज जाते आणि माणसं ड्रॉइंग बोर्डावर डोकं टेकून झोपतात. रविवारी कॅम्प पाचला आपल्या विठाच्या घरी जाऊन आलो. तेही ठीक.

तू बोटींच्या यार्डात मॅनेजर झाल्यापासून तुझी पत्रं टाइप होऊन येतात. या वेळी सोबत एक कागदही आहे, त्यावर फक्त माझी सही हवी. बोट मूळ आराखड्याप्रमाणे एवढं वजन पेलू शकत होती आणि अपघात डेकवरच्या माणसाच्या चुकीनं झाला, असं मी, बोटीचं ड्रॉइंग काढणाऱ्यानं, लिहून द्यायचं. त्या माणसाबद्दल पुढे लिहितो. आत्ता लिहायला लागलो तर हा कागद फाटेल.

आधी बोटीचं. ती आपल्या दोघांची होती. मी इथे कागदावर काढायची, तू तिकडे बांधायची. स्वस्तातली लढाऊ बोट: कुठल्याही खाडीत शिरेल इतकी उथळ, कुठल्याही बंदरातला मेकॅनिक उघडू शकेल असं डिझेल इंजिन, पुढे एक हलकी तोफ, बास. एका मोठ्या जहाजाच्या खर्चात अख्ख्या किनाऱ्याला अशा बोटी पुरवता येतील, म्हणून आपण नाचलो होतो. गल्लीतली दोन पोरं लढाऊ बोट बांधतायत म्हणून आईनं सिंधी शेजारणीपासून सगळ्यांना पेढे वाटले होते.

अशा बोटीचं एकच पथ्य असतं. ती जेवढी आहे तेवढीच तिला राहू द्यायची. तू काय केलंस? ज्या साहेबानं जे मागितलं त्याला हो. मोठी तोफ? हो. केबिनला एसी? हो. आणखी एक जनरेटर? होऊन जाईल साहेब! आणि सगळं वर, डेकवर. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन उतारावरून चालणाऱ्या बाया बघत तू लहानाचा मोठा झालास ना रे?

मी फोनवर ओरडलो तेव्हा हसलास. ‘दादा, तू हातचं राखूनच असतोस. चार-पाच टन तरी दाबून ठेवले असशील.’ तुझा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. आमच्या धंद्याची सवयच तशी. मागणारा ऐकत नाही म्हणून काढणारा पेलणारं वजन कमी सांगून मार्जिन लपवतो, आणि काढणारा लपवतो हे ठाऊक असल्यानं मागणारा आणखी मागतो. आधीच्या मालवाहू बोटींना हे चालून गेलं. या बोटीत लपवायला जागाच नव्हती. अंबरनाथ स्टेशनबाहेर चहा पिताना मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, ‘बबन, या वेळी आकडा खरा आहे. आत काही नाही.’ तू टाळी दिलीस. तुला वाटलं, हाही माझा डावच.

निदान धक्क्याला बांधून, डेकवर वजनं या काठावरून त्या काठावर सरकवून ती किती कलते ते मोज, मगच बाहेर ने, म्हणालो. तेही केलं नाहीस. तारीख जवळ आली होती. पहिल्याच मोठ्या वळणावर बोट कलली आणि सरळ व्हायला तिला वेळ लागला. तेवढ्यात सुट्या भागांची पेटी दोर तोडून सुटली आणि डेकवरच्या माणसाला कठड्यावर चिरडून थांबली.

आता तो माणूस. हरिचंद्र दाजी. आपल्या विठाचा नवरा, ज्यांना तूच फिटर म्हणून यार्डात नेलंस. वर ‘तेही ठीक’ लिहिलंय ते खोटं आहे. दाजींना कंबरेखाली काही कळत नाही. विठा एकटी त्यांना कुशीवर वळवते. रविवारी मला म्हणाले, ‘दादा, बबनदादाला सांभाळून घ्या. माझंच चुकलं म्हणून लिवून टाका.’

मी विचारलं, ‘पेटी बांधली नव्हती का?’

‘बांधली होती ना. डबल दोर मारला होता.’

हे ऐकून तुझ्या त्या गुळगुळीत कागदाची मला किळस आली. विठा पाणी घेऊन दारात उभी होती. तिनं सरळ विचारलं, ‘दादा, बोट तूच खराब काढली का बबनदादानं केली?’ मी तिला खरं ते सांगितलं. ती आत निघून गेली.

आईला सांगणार नव्हतो, पण तुझं पत्र वाचताना तिनं माझं तोंड बघितलं आणि सगळं सांगावं लागलं. मार्जिन म्हणजे काय, म्हणाली. तिला कळावं म्हणून पिठाच्या डब्याची आठवण करून दिली. पीठ संपलं म्हणायची, आणि आपण रडलो की तळातून एका भाकरीचं पीठ निघायचंच. तू तर तिला चिडवायचास, ‘बघ, असतंच तुझ्याकडं.’

आई म्हणाली, ‘ती शिल्लक नव्हती रे. माझ्या वाटणीचं होतं ते.’

मला हे माहीत नव्हतं, बबन. तुलाही नसणार. आता दोघांनाही माहीत आहे.

सही मिळणार नाही. तशीच दुसरी बोट तू बांधायला घेतली आहेस. ती समुद्रात जाऊ नये म्हणून अपघाताच्या चौकशीला मी स्वतः येतोय आणि सगळं सांगणार आहे, तुझं नाव घेऊन. तुझी खुर्ची जाईल. जाऊ दे. त्या बोटीवर चढणारी पोरंही कुणाच्या तरी घरची आहेत.

त्याआधी कॅम्प पाचला ये. विठा दार उघडेल की नाही, मला सांगता येत नाही. पण दाजींना कुशीवर वळवायला खरं तर दोन माणसं लागतात.

बबनला काही सांगायचंय का, असं आईला विचारलं. नाही म्हणाली.

विठाचा भाऊ,
हिरामण